टायरचं तापमान

९ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी. आधी राग घे.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी ओरडतो आणि तू "हो मामा, हो मामा" करत पलीकडे भांडी लावत बसतेस, मला आवाज येतो. कागदावर लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या कंपनीने माझ्या तोंडाला पानं पुसली आहेत. काल दुपारी तुझ्या मामीला शेजारच्या गावातल्या शिवणवर्गातून घेऊन आलो. वीस किलोमीटर, रस्ता तापलेला. गाडी नेहमीसारखी गॅरेजात लावली आणि जेवायला बसलो. संध्याकाळी मामीकडे शिवण शिकणाऱ्या मुली कापड बेतायला येतात म्हणून गाडी बाहेर काढली, तर चाकांबरोबर जमीनही बाहेर आली. चारही टायरना राखाडी थर चिकटलेला, आणि खाली ताटाएवढे चार चट्टे. एका मुलीने विचारलं, "काका, हे डिझाइन आहे का?" मी काय बोललो ते मामी तुला सांगेल, मी लिहीत नाही.

आता तू म्हणशील, मामाने घाई केली असेल. बाई गं, या जमिनीपायी मी सहा महिने डोकं फोडलंय. टाइल्स नको म्हटलं, कारण जॅक लावला की तडकतात. नुसता कोबा नको, कारण तो तेल पितो आणि धूळ सोडतो, आणि मामीला तिथे पांढरं कापड पसरायचं असतं. ऑइलपेंटचं तर नावच काढू नकोस. मग नोव्हेंबरात तू आलीस, कोब्यावर टाच आपटून बघितलीस आणि म्हणालीस, "मामा, आमचं एपॉक्सी लाव. पंधरा वर्षं बघायला नको." मी तो दोन डबे मिसळून करायचा लेप लावला. डब्यावर ठळक अक्षरांत छापलंय, 'गरम टायर चाचणी उत्तीर्ण', आणि पुढे बरोबरची हिरवी खूण.

माझं मागणं एकच. ही चाचणी कोणी केली? तू त्याच प्रयोगशाळेत बसतेस. त्या माणसाचं नाव कळव. मी त्याला असं पत्र लिहिणार आहे की त्याला एक आठवडा तरी घास गोड लागणार नाही.

आता आशीर्वाद.

तुझा मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि 'डिझाइन'पाशी ठसका लागला. मामीला सांग, त्या मुलीला पुढच्या वेळी माझ्याकडून एक मीटर कापड.

पण आता जरा शांतपणे ऐकशील? कोटिंग सुटतं तेव्हा बहुतेक वेळा दोष लावणाऱ्याचा असतो. तू रागावू नकोस, हे मी सगळ्यांनाच विचारते. कोबा घासून खरबरीत केला होतास का? जुने तेलाचे डाग नीट काढले होतेस? जमिनीत ओल आहे का हे बघायला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा असतो, ते केलंस? दोन्ही डबे मापाने मिसळलेस की अंदाजाने? आणि शेवटचा हात दिल्यावर सात दिवस गाडी बाहेर ठेवली होतीस? खरं सांग. तुला गाडी उन्हात उभी बघवत नाही, मला माहीत आहे.

तोवर चाकांखाली रबरी चटया टाक. चट्टे झाकले जातील.

चाचणी कोणी केली ते असं एका माणसाचं नाव घेऊन सांगता येत नाही. पत्रक चार टेबलांवरून फिरतं. तू उगाच कोणाच्या मागे लागू नकोस. लोक इथे कामाखाली दबलेले असतात.

गुडघ्याला तेल लावतोस ना?

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

तू मला परकं करून पत्र लिहिलंस. "हे मी सगळ्यांनाच विचारते" म्हणे. मी सगळे आहे का?

मी एकतीस वर्षं बस चालवली. रोज पहाटे गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय डेपोचं फाटक ओलांडलं नाही. त्या माणसाला तू विचारतेस, अंदाजाने मिसळलंस का! घे उत्तरं. कोबा घासला, भाड्याच्या मशीनने, दोन दिवस, नाकातून आठवडाभर सिमेंट निघत होतं. तेलाचे डाग तीनदा धुतले. प्लास्टिकचा कागद एक दिवस नाही, तीन दिवस चिकटवला. आतून कोरडा ठणठणीत. मिश्रण मामीच्या स्वयंपाकाच्या काट्यावर मोजलं, त्यावरून घरात जे झालं ते वेगळं. आणि गाडी सात दिवस नाही, अकरा दिवस रस्त्यावर होती. मी रोज तिच्यावर चादर घालत होतो. शेजारी हसले, हसू दे.

आणि रबरी चटया? मला जमीन झाकायचीच असती तर केली कशाला असती?

या पाकिटात सुटलेला एक पापुद्रा घातलाय. डोळे उघडे ठेवून बघ. मागच्या बाजूला सिमेंटचा कणही नाही. का? कारण खालचा प्रायमर कोब्याला घट्ट धरून बसलाय, अजूनही. सुटलाय तो वरचा थर, प्रायमरपासून. म्हणजे माझ्या हाताने जे बसवलं ते बसलंय आणि तुमच्या डब्यातून जे आलं ते निघालंय. मी रसायनं शिकलेलो नाही, पण कोणी कोणाला सोडलं एवढं मला दिसतं.

अजून एक, ते तुला सांगणार नव्हतो. कंडक्टरनेही हेच लावलंय, माझ्या शब्दावर. तुला कंडक्टर आठवतोय ना, माझ्याबरोबर अठरा वर्षं बसवर होता, तुला शाळेत असताना फुकट तिकिटांची गड्डी द्यायचा. परवा लंगडत आला आणि माझ्या चट्ट्यांकडे बघून म्हणाला, "माझे तीनच आहेत. चौथं चाक मी विटेवर ठेवतो." त्याच्यासमोर माझी मान खाली गेली. माझ्या शब्दावर कोणी काही केलं आणि फसलं, असं होऊ नये म्हणून मी जन्मभर सांभाळून राहिलो.

तू टेबलं मोजत बस. मी कंपनीला थेट लिहिलंय आणि चाचणीच्या अहवालाची प्रत मागितली आहे. ग्राहकाला तेवढा हक्क आहे, डब्यावरच लिहिलंय.

तेल लावतो.

मामा


३१ मार्च

मामा,

कंपनीला लिहू नकोस. लिहिलं असशील तर दुसरं पत्र टाकून परत घे, म्हण की चूक लक्षात आली. मी तुला नवा डबा पाठवते आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल. कंडक्टरकाकांसाठीही एक. माझ्याकडून समज.

प्रत्येक गोष्ट तडीस न्यायची नसते रे. एकदा तरी माझ्यासाठी सोड. कारण विचारू नकोस.

भिंगरी


९ एप्रिल

दोन्ही डबे आले तसे परत पाठवले आहेत.

कंपनी सभ्य निघाली. अहवालाची प्रत काल टपालाने आली. मी मामीला आणि कंडक्टरला समोर बसवलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. टायरचा तुकडा, साठ अंश तापमान, वजन अमुक, सोळा तास, निकाल उत्तीर्ण. प्रत्येक ओळीला मी एक शिवी घातली. कंडक्टर हसत होता. खाली आलो, 'चाचणी करणाऱ्याची सही'.

ती सही मला वाचावी लागली नाही. तिच्या शेवटी जो झोक आहे, खालून वर नेऊन परत मागे वळवलेला, तो माझ्या सहीतला आहे. सातवीत असताना तू आमच्या ओट्यावर बसून एका दुपारी अख्खी वही भरलीस, मामासारखी सही हवी म्हणून. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

मी वाचायचं थांबलो. मामीने कागद हातातून घेतला. कंडक्टर उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

तुला ठाऊक होतं. पहिल्या पत्रापासून. मी नाव विचारत होतो आणि तू मला विचारत होतीस, अंदाजाने मिसळलंस का.


१८ एप्रिल

मामा,

तू पत्राखाली सही केली नाहीस. मी कागद उलटासुलटा करून बघितला. तू मला चार पानं शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

आता सगळं सांगते. चाचणी सप्टेंबरात होती. टायरचा तुकडा साठ अंशांना तापवायचा, कोटिंगवर दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायचा, अशी पद्धत आहे. आमची भट्टी त्या महिन्यात बंद होती. तिचा एक भाग यायचा होता, तो येत नव्हता. साहेब म्हणाले, तुकडा तसाच ठेवा, गार. चिकटणं तर बघायचंय. मी म्हटलं, पण तापमानाच्या रकान्यात काय लिहू? ते म्हणाले, "तुम्हाला लिहायचंच नाहीये." आणि खरंच, मामा, लिहायचं नव्हतं. आमच्या छापील पत्रकावर त्या रकान्यात साठ हा आकडा आधीच छापलेला असतो. कोणीतरी कधीतरी सोय म्हणून छापून घेतलाय. मी खोटं असं काहीच लिहिलं नाही. फक्त खाली सही केली.

याच वाक्यावर मी सहा महिने झोपले. खोटं असं काहीच लिहिलं नाही! आता ते वाचून माझंच मला तोंडात मारावंसं वाटतं. आणि नोव्हेंबरात तुझ्या कोब्यावर टाच आपटून मी "आमचं लाव" म्हणाले, तेव्हाही मला भट्टी आठवली होती. आठवली आणि मी मनात म्हटलं, एवढं काय होणार आहे.

तुझा पापुद्रा आला त्या दिवशी मी तो खिशात घालून फिरत होते. मग तुझं बिनसहीचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी मी भट्टी लावली, आता ती चालते, आणि त्याच कोटिंगवर साठ अंशांचा टायर ठेवला. चार तास लागले. ओढला तर थर टायरबरोबर आला, प्रायमर खाली तसाच. अगदी तुझ्यासारखा. मी खुर्चीवर बसून रडले आणि मग मला इतका संताप आला की मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, माझी सही मागे घेते. लेखी देते. ते म्हणाले, "एका ओळीने कोणाचा जीव जातो का?" मी म्हटलं, माझ्या मामाची मान खाली गेली.

सोमवारपासून मला प्रयोगशाळेतून काढून पॅकिंगमध्ये घातलंय. डब्यांना लेबलं लावायची. तीच लेबलं, हिरव्या खुणेची. पहिल्याच दिवशी मी ती लावणार नाही म्हटलं, तेव्हापासून झाकणं बसवते. हाताला घट्टे पडलेत. तुला चार महिने डेपोत गाड्या धुवायला लावल्या होत्या, ब्रेक बघता येत नव्हते म्हणून तू सही केली नाहीस तेव्हा. ओली पॅंट घेऊन तू घरी यायचास आणि मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, माझा मामा भीत नाही. मी मात्र भ्यायले.

तुझ्या जमिनीत, तुझ्या हातात काहीही दोष नव्हता. तो मी तुझ्यावर ढकलत होते. हे कंडक्टरकाकांनाही वाचून दाखव.

तुझी असेन तर भिंगरी


६ मे

चि. भिंगरी,

मी मामी. लिहायचा कंटाळा, पण या घरात आता मलाच शहाणपणा करावा लागणार असं दिसतं.

तुझा मामा रोज पत्र लिहायला बसतो आणि रोज फाडतो. कालचे फाडलेले कागद मी केरात बघितले, चार होते, आणि चारही कागदांवर फक्त तुझं नाव. जेवतो अर्धं. रेडिओवर चिडतो. गॅरेजचं दार बंद करून ठेवलंय, माझ्या मुली अंगणात उन्हात कापडं बेततात आणि वाऱ्याने माप हलतं. दोघांच्या मानापायी माझे सात ब्लाउज वाकडे शिवले गेले. मला दोघांचाही संताप आलाय. तू चुकलीस, कबूल केलंस, भोगते आहेस. आणि हा तोंड शिवून बसलाय. आज कंडक्टर येऊन त्याला काहीतरी बोलून गेला. मी स्वयंपाकघरात होते, पण आवाज चढला होता आणि तो तुझ्या मामाचा नव्हता.

हाताला खोबरेल लाव. झाकणं बसवताना फडकं धर.

मामी


११ मे

भिंगरे,

कंडक्टर त्या दिवशी काय बोलला ते लिहितो. म्हणाला, "मी प्लास्टरमध्ये होतो आणि तू माझा डबा घेऊन यायचास, तेव्हा मी तुला दाराबाहेर उभं केलं होतं का? मग त्या पोरीला कशाला उभं केलंस?"

तुला आम्ही सांगितलं होतं की तो टपावर सामान चढवताना शिडीवरून पडला. ते खोटं. त्याचा पाय माझ्या बसमध्ये मोडला.

डेपोतल्या तपासणीच्या कागदावर ब्रेक, दिवे, टायर असे रकाने असायचे, आणि पहाटेचा कारकून आधीच सगळीकडे बरोबरच्या खुणा करून ठेवायचा. आमची सोय. आम्ही खाली सही करून चावी घ्यायची. एका सकाळी गाडी खालून तपासायच्या खड्ड्यातला दिवा गेला होता, दिसत काही नव्हतं, मला उशीर झाला होता. खुणा तर होत्याच. मी सही केली. उताराला ब्रेक लागले नाहीत. मी गाडी भिंतीला घासत थांबवली, म्हणून लोक वाचले. कंडक्टर दारात उभा होता. चौकशीत त्याने सांगितलं, ब्रेक निघतानाच तपासले होते, मी पाहिलं. माझी नोकरी वाचवली आणि आजतागायत लंगडतो.

त्यानंतर वर्षभराने मी सही नाकारली, ती तुला माहीत असलेली गोष्ट. ती हिंमत नव्हती, भिंगरे. भीती होती. तू शाळेत सांगत फिरायचीस आणि मी गप्प बसायचो, कारण तुझ्या तोंडून ते ऐकायला बरं वाटायचं. तू माझी सही गिरवलीस तेव्हाच मी सांगायला हवं होतं की या सहीने काय करून ठेवलंय. मी अभिमानाने बघत बसलो. म्हणून अहवालावर तुझी सही बघून जो राग आला, तो सगळा तुझ्यावर नव्हता, आणि तो खरा कोणावर होता हे लिहायला मला महिना लागला.

तुझ्या साहेबांवरचा मात्र पूर्णपणे त्यांच्यावर आहे. एका ओळीने जीव जातो का, म्हणे! माणूस खुर्चीत बसून काय काय बोलू शकतो!

तू माझीच आहेस. असेन तर, बिसेन तर, असलं पुन्हा लिहू नकोस, मामी रडली.

जमीन अजून तशीच आहे. काय लावू ते सांग. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

तुझा मामा


२७ मे

मामा,

तुझं पत्र झाकणांच्या खोक्यावर बसून वाचलं. कंडक्टरकाकांना मी पत्र लिहिणार होते, पण काय लिहू ते सुचेना. त्यांना सांग, मी येईन तेव्हा फुकट तिकिटांची गड्डी मागणार आहे.

आता इथली बातमी. तुझ्यासारख्या आणखी अकरा तक्रारी आल्या. साहेबांचे डोळे उघडले असं मी म्हणणार नाही, त्यांच्याही वरच्यांनी ते उघडले. लेबलावरची ती ओळ थांबवली आहे आणि मला परत प्रयोगशाळेत बसवलंय. साहेब अजून माझ्याकडे बघत नाहीत, हे सोयीचं आहे.

काय लावायचं ते मी सांगणार नाही. मला माझ्या तोंडाने पुन्हा "हे लाव" म्हणायचं नाही. तूच ठरव, पण बघून. तुझ्या गॅरेजात चार चाकांच्या चार जागा आहेत. प्रत्येक चाकाखाली वेगळा पट्टा लाव. एक नंबरच्या डब्यात आमचं जुनंच एपॉक्सी आहे, तुलनेसाठी. दोनमध्ये एपॉक्सीवर पॉलियुरेथेनचा चिवट थर. तीनमध्ये नवं मिश्रण, त्यात बारीक वाळू आहे, पाय घसरत नाही. चार म्हणजे थर नाहीच, कोब्यात मुरून त्याला टणक करणारं पाणी. ते चमकणार नाही, मामीला आधी सांग. पद्धत तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त.

सोबत पिस्तुलासारखा थर्मामीटर आहे. टायरवर रोखून खटका दाबला की आकडा दिसतो. गाडी आत आली की लगेच मोजायचं, पत्रकात लिहायचं आणि महिनाअखेरीस पत्रकाची प्रत आमच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवायची. तापमानाचा रकाना मी कोरा छापून घेतलाय. खाली चाचणी करणाऱ्याची सही म्हणून जी जागा आहे, ती या वेळी तुझी.

भिंगरी


३० ऑगस्ट

भिंगरे,

पुन्हा आधी राग घे. या वेळी तुझा नाही.

तीन महिने मी आणि कंडक्टरने जे केलंय ते तुझ्या कंपनीत कोणी केलं असेल तर मला दाखव. रोज दुपारी मी गाडी घेऊन येतो, तो पिस्तूल घेऊन दारात उभा असतो आणि मी उतरायच्या आत चारही टायरवर रोखतो. शेजाऱ्यांनी एकदा खिडक्या लावून घेतल्या. तो आकडा ओरडतो, मी लिहितो, मग तो माझ्या हातातून कागद घेऊन बरोबर लिहिला का बघतो. अठरा वर्षांत त्याने माझ्यावर इतका अविश्वास कधी दाखवला नव्हता. मला तो आवडतो.

तुझ्या पत्रकात नव्हती अशी एक गोष्ट सांगतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापतात, कारण ब्रेकचा भार पुढे येतो. म्हणजे पुढचे दोन पट्टे फुकट मार खाणार. म्हणून मी एक दिवस गाडी तोंडाने लावतो आणि एक दिवस पाठीने. प्रयोगशाळेत बसून हे सुचत नाही.

आता रागाचं कारण. परवा तुझ्या साहेबांचं पत्र आलं, थेट मला, "आदरणीय" वगैरे. चाचणी समाधानकारक दिसते, म्हणे, तरी सोबतच्या स्वच्छ प्रतीवर खाली फक्त सही करावी, नवा माल बाजारात जायचा आहे. आणि त्या स्वच्छ प्रतीत तापमानाच्या रकान्यात काय छापलंय सांग? साठ! मी कंडक्टरला हाक मारली. त्याने वाचलं, पाय पुढे ताणून बसला आणि म्हणाला, "बघ, आला बघ पहाटेचा कारकून."

तीन महिन्यांत आमचा सगळ्यात मोठा आकडा एकोणचाळीस आहे. आभाळ आहे, रस्ता तापलेलाच नाही. चारही पट्टे शाबूत आहेत. दोन नंबर सुंदर दिसतो, चार नंबर मला आवडतो, मामीला तीन. आणि एक नंबर, तुमचं जुनं, मार्चमध्ये माझ्या टायरला चिकटून बाहेर गेलेलं, तेसुद्धा नव्यासारखं आहे! गार टायरवर सगळेच शहाणे. असल्या चाचणीवर मी सही करू? सगळ्यात वाईट माल पास होतोय आणि साहेबांना ते समाधानकारक दिसतं!

त्यांच्या प्रतीवरचे साठ मी खोडले आहेत. बाजूला आमचे आकडे लिहिलेत, सगळे, तारखांसकट. कंडक्टरने तपासलेत. सहीची जागा कोरी आहे आणि मार्च, एप्रिल, मे बघून झाल्याशिवाय ती कोरीच राहील. त्यांना घाई असेल तर त्यांनी स्वतः करावी, पेन मी पाठवतो. ते तुझ्या टेबलावर आणून ठेवतील, भिंगरे, ठेवणारच. तुला पुन्हा झाकणं बसवायला पाठवतील. खोबरेल मामीने पार्सल केलंय.

जमिनीचं मी ठरवेन, पुढच्या जूनमध्ये. तोवर गॅरेज चार ठिगळांचं राहील. त्या मुलीने परवा पुन्हा विचारलं, "काका, हे डिझाइन आहे का?" मी म्हटलं, हो, माझ्या भाचीचं आहे.

आशीर्वाद. आणि ही खालची माझी सही, पत्रापुरती. शेवटचा झोक नीट बघ, आता मी तो तुझ्यासारखा काढतो.

तुझा मामा